'मात्रा' : एक शब्द, अनेक अर्थ आणि चिकित्साव्यवहारातील सावधानता

प्रास्ताविक

आमच्या गावाच्या नावापासूनच आरंभ करतो. पाथरी हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. पाथरी ही शेताच्या बांधावर उगवणारी एक रानभाजीही आहे. आणि हिंदी-उर्दू बोलणारा रुग्ण 'पथरी' म्हणतो तेव्हा त्यास अश्मरी अभिप्रेत असते. तिन्ही अर्थ आमच्या चिकित्सालयात नित्य कानी पडतात, परंतु संदर्भ स्पष्ट असल्याने घोटाळा होत नाही. आपल्या दैनंदिन व्यवहारात मात्र असा एक लहानसा शब्द आहे की, ज्याचे दोन अर्थ एकाच चिठ्ठीत, एकाच रुग्णापुढे, एकाच वेळी उभे राहू शकतात. तो शब्द म्हणजे 'मात्रा'. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या विविध अर्थांचा परामर्श घेऊन चिठ्ठी लिहिणारे वैद्य व औषध देणारे विक्रेते या दोघांनीही कोणती काळजी घ्यावी, याचा विचार करावयाचा आहे.

अन्य क्षेत्रांतील अर्थ

'मा' म्हणजे मोजणे या धातूपासून हा शब्द सिद्ध होतो. म्हणून ज्या ज्या क्षेत्रात काही मोजावयाचे असते, तेथे तेथे तो आढळतो. व्याकरणात ऱ्हस्व स्वराची एक, दीर्घाची दोन व प्लुताची तीन मात्रा मानली जाते. छंदःशास्त्रात लघु अक्षराची एक व गुरू अक्षराची दोन मात्रा. आर्या वृत्ताचे चार चरण अनुक्रमे १२, १८, १२ व १५ मात्रांचे असतात. संगीतात त्रितालाच्या १६, एकतालाच्या १२, झपतालाच्या १० व रूपकाच्या ७ मात्रा. देवनागरी लेखनात अक्षराच्या डोक्यावरील तिरपी रेघ म्हणजे मात्रा. सांख्यदर्शनात शब्द, स्पर्श, रूप, रस व गंध या पाच तन्मात्रा. बोलीत 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा या शब्दाला औषधाचाच वास असतो. उपाय लागू पडला नाही, असा त्याचा भाव.

आयुर्वेदातील अर्थ

आपल्या शास्त्रात हा शब्द निदान पाच प्रकारे योजिलेला आहे.

१) आहारमात्रा : चरकाच्या सूत्रस्थानातील पाचवा व अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील आठवा, हे दोन्ही अध्याय 'मात्राशितीय' नावाचे आहेत. येथे मात्रा अग्निबलावर अवलंबून असते. चरकाने विमानस्थानात कुक्षीचे तीन भाग कल्पिले : एक घन आहारासाठी, एक द्रवासाठी व एक दोषांसाठी. वाग्भटाने चार भाग सांगितले : दोन अन्नाचे, एक द्रवाचा व एक वायूसाठी मोकळा. ही मात्रा वजनाने सांगता येत नाही; ती ज्याची त्याने ओळखावयाची.

२) औषधमात्रा : शार्ङ्गधराने मात्रेची एकच निश्चिती नाही असे सांगून काल, अग्नी, वय, बल, प्रकृती, दोष व देश पाहून ती ठरविण्यास सांगितले. तरीही बालकासाठी त्याने क्रम दिला आहे. पहिल्या महिन्यात एक गुंजा, पुढे एक वर्षापर्यंत दरमहा एकेक गुंजा वाढ, नंतर सोळाव्या वर्षापर्यंत वर्षाला एक माषा. सत्तरीपर्यंत स्थिर व त्यानंतर हळूहळू ऱ्हास. ही मात्रा कल्क व चूर्णाची असून कषायाची चौपट आहे. रसकल्पांस हा क्रम लावणे सर्वथा अनुचित होय.

३) स्नेहमात्रा : ही पचनकालावरून ठरते. सहा तासांत पचणारी ती ऱ्हस्व, बारा तासांत पचणारी ती मध्यम व चोवीस तासांत पचणारी ती उत्तम. 'मात्राबस्ती'तील मात्रा हीच. ऱ्हस्व स्नेहमात्रेइतक्या स्नेहाचा बस्ती, असा त्याचा अर्थ. आमच्या एका नवोदित सहकाऱ्याने 'मात्राबस्ती' म्हणजे 'मात्रे'चा, अर्थात रसौषधीचा बस्ती अशी समजूत करून घेतली होती. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. शब्द तसा अर्थ सुचवितो खरा.

४) कालमात्रा : डोळ्यांची उघडझाप होण्यास लागणारा काळ म्हणजे एक मात्रा. वेदना नसता कर्णपूरण १०० मात्रा धारण करावे असे वाग्भट सांगतो. नेत्रतर्पणात वर्त्मरोगात १००, संधिरोगात ३००, शुक्लभागाच्या रोगात ५००, कृष्णभागाच्या रोगात ७०० व दृष्टिरोगात ८०० मात्रा सांगितल्या आहेत. येथे 'शंभर मात्रा' हा काळ आहे, औषधाचे प्रमाण नव्हे.

५) कल्पवाचक मात्रा : हा अर्थ ग्रंथांपेक्षा महाराष्ट्राच्या घरांत अधिक रुजलेला आहे. सहाणेवर उगाळून मधातून चाटवावयाची सुवर्णादियुक्त रसौषधी म्हणजे 'मात्रा'. 'हेमगर्भाची मात्रा' हे नाव आजही वयस्कर मंडळींच्या तोंडी आहे. दुकानात येऊन 'मात्रा द्या' म्हणणाऱ्या आजीबाईंस कल्प हवा असतो. 'मात्रा सांगा' म्हणणाऱ्या तरुणास प्रमाण हवे असते.

पहिला, तिसरा व चौथा हे अर्थ ग्रंथात राहतात, म्हणून निरुपद्रवी आहेत. दुसरा व पाचवा मात्र चिठ्ठीवर एकत्र येतात, आणि तेथेच धोका संभवतो.

एक अनुभव

ही चूक आमच्या लेखणीची आहे, म्हणूनच विस्ताराने सांगतो. काही वर्षांपूर्वी श्वासाने त्रस्त अशा एका वृद्ध रुग्णास वेगावस्थेत आम्ही हेमगर्भ केवळ तीन दिवसांपुरता दिला होता. आल्याचा रस व मधातून उगाळून चाटवावे, असे घरच्यांस समजाविले. वेग शमल्यावर सितोपलादी चूर्ण चालू केले. पुढील भेटीत रुग्णास बरे वाटत होते. घाईत आम्ही चिठ्ठीवर लिहिले : 'सितोपलादी. मात्रा पूर्वीप्रमाणे.' चूर्णाचे प्रमाण पूर्वीइतकेच ठेवावे, एवढेच आम्हांस म्हणावयाचे होते.

घरातील वडीलधाऱ्या बाईंनी ती चिठ्ठी ऐकली ती अशी : सितोपलादी द्यावे, आणि मात्राही पूर्वीप्रमाणे द्यावी. पोटली घरात उरलेली होतीच. त्यांनी ती रोज दोन वेळा उगाळून दिली. सुमारे तीन आठवड्यांनी त्यांचा मुलगा 'मात्रा संपत आली, दुसरी द्या' म्हणून आला, तेव्हा आमच्या पायाखालची जमीन सरकली. रुग्णास तातडीने बोलाविले. तोंड आलेले होते, हिरड्या दुखत होत्या, लाळ अधिक सुटत होती. रसकल्प तत्काळ थांबविला, मूत्रपिंडाच्या कार्याच्या तपासण्या करून घेतल्या. सुदैवाने त्या ठीक आल्या व तोंडाची लक्षणे क्रमाने शमली. त्या बाईंनी आम्हांस एवढेच विचारले, 'तुम्हीच लिहून दिलं होतं ना, मात्रा आधीसारखी म्हणून?' यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी वाचले ते मराठीच होते आणि बरोबर होते.

यात विक्रेत्याचा दोष काढण्यास आम्हांस जागा नाही. परंतु पारदयुक्त कल्प अनुसूची 'ई-एक' मधील द्रव्यांचे असल्याने त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असणे कायद्याने बंधनकारक आहे. पोटली वेष्टनातून काढून कागदाच्या पुडीत बांधून दिली की ती सूचना दुकानातच राहते. त्या वेळी पोटली पुडीतून देणारे आम्हीच होतो.

मापांची संदिग्धता

मात्रा हा शब्द स्पष्ट केला तरी मापाचा शब्द संदिग्ध राहू शकतो. शार्ङ्गधराच्या मागधमानात एक माषा सहा गुंजांचा; आयुर्वेदिक फॉर्म्युलरीच्या कोष्टकात तो आठ गुंजांचा. एक गुंजा १२५ मिलिग्रॅम धरता पहिला माषा ७५० मिलिग्रॅम व दुसरा एक ग्रॅम होतो. कर्ष दोन्हीकडे ९६ गुंजांचाच, म्हणजे १२ ग्रॅम. तोळा फॉर्म्युलरीत १२ ग्रॅम, जुन्या सरकारी मापाने सुमारे ११.६६ ग्रॅम, तर आजच्या सराफ बाजारात १० ग्रॅम. हस्ताक्षरात 'गुं.' व 'ग्रॅ.' ही संक्षिप्त रूपे सारखीच दिसतात, आणि त्यांतील अंतर आठ पटींचे आहे. चूर्णात ही चूक पचून जाईल. रसकल्पात पचणार नाही. उगाळण्याचे 'वेढे' हेही माप नव्हे. सहाण किती खरखरीत आणि हात किती जड, यावर ते अवलंबून असते.

आमच्या भागात आणखी एका शब्दाची भर पडते. पाथरीत मराठीबरोबर उर्दूही घरोघर बोलली जाते. उर्दूभाषक रुग्णास 'खुराक' म्हणजे औषधाचा एक डोस. मराठी शेतकऱ्यास खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. 'खुराक वाढवा' हे वाक्य दोघांस सारखेच सांगितले, तर एक जण औषध वाढवील व दुसरा तूप.

काना-मात्रेचा फरक

लिपीतील मात्राही आपल्याशी संबंधित आहे. 'मेद' या शब्दावरील एक मात्रा गळाली की 'मद' होतो. 'मेह' या शब्दास काना लागला की 'मोह' होतो. पहिला धातू, दुसरा उन्माद-मदात्ययाच्या प्रांतातील. तिसरा प्रमेह, चौथा मूर्च्छेच्या जवळचा. संगणकावर टंक बदलताना मात्रा व वेलांट्या गळून पडतात, हे लेबले छापून घेणाऱ्या औषधनिर्मात्यांच्या परिचयाचे आहे. मुद्रणापूर्वी कच्चे मुद्रित तज्ज्ञ वैद्याकडून वाचून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

आचरणासाठी सूचना

१) चिठ्ठीवर 'मात्रा' हा शब्द एकटा लिहू नये. प्रमाण अभिप्रेत असल्यास 'प्रमाण' लिहावे. कल्प अभिप्रेत असल्यास त्याचे पूर्ण नाव लिहावे.

२) 'पूर्वीप्रमाणे', 'पूर्ववत', 'तेच चालू' ही पदे वर्ज्य करावीत. प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्र वाचली तरी पूर्ण कळावी.

३) प्रमाण मिलिग्रॅम, ग्रॅम व मिलिलिटरमध्ये लिहावे, 'गुं.' हे संक्षिप्त रूप टाळावे.

४) रसकल्पासमोर दिवसांची संख्या अंकी व अक्षरी लिहावी, आणि थांबविल्यावर 'बंद' असे नव्या चिठ्ठीवर स्पष्ट नमूद करावे. उरलेले औषध परत आणण्यास सांगावे.

५) विक्रेत्यांनी 'मात्रा द्या' अशी मागणी आल्यास कोणत्या वैद्यांची चिठ्ठी, कुणासाठी, किती दिवस हे विचारल्याविना रसकल्प देऊ नये, व देताना मूळ वेष्टनासहच द्यावा.

६) रुग्णाने चिठ्ठी घेतल्यावर 'आता घरी जाऊन काय काय देणार, ते सांगा' असे विचारावे. आम्ही हा प्रश्न आता प्रत्येकास विचारतो. यास अर्धा मिनिट लागतो.

उपसंहार

एका शब्दास अनेक अर्थ असणे हे भाषेचे वैभव आहे, आणि 'मात्रा' या शब्दात शास्त्र, संगीत व लिपी एकत्र नांदतात याचा आपणांस अभिमानच आहे. ग्रंथ वाचताना ते सर्व अर्थ आठवावेत. चिठ्ठी मात्र आपण विद्वानासाठी लिहीत नसून सहाणेपुढे बसलेल्या माउलीसाठी लिहितो. तिच्यापुढे एकच अर्थ ठेवणे हे आपले कर्तव्य होय. अशा स्वरूपाचे आणखी शब्द वैद्यबंधू-भगिनींच्या व विक्रेत्यांच्या अनुभवास आले असल्यास त्यांनी ते त्रैमासिकाकडे अवश्य लिहून पाठवावेत, ही नम्र विनंती. चूक आपली स्वतःची असेल तर अधिक अगत्याने पाठवावे. तिचाच इतरांस उपयोग अधिक होतो.