इटलीची बेरेट्टा सबमशीनगन

वाचकांपैकीं पुष्कळांनीं ‘टॉमीगन’ व ‘स्टेनगन’ हीं नांवें ऐकलीं असतील. त्याच कुळांतील इटलीच्या बेरेट्टा सबमशीनगनचा थोडा परिचय आम्ही येथें करून देत आहों. दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या डोंगरांत मराठा पलटणींनीं मोठा पराक्रम गाजविला. ज्या भूमीवर आपलीं माणसें लढलीं, तेथील हें शस्त्र आपणांस अगदींच परकें नाहीं. शिवाय यंत्रानें काय साधतें व तें कोठें थांबतें, याचा धडाही त्यांत आहे.

रायफलीची गोळी दूर जाते, पण ती बंदूक लांब असते. मशीनगन भराभर गोळ्या झाडते, पण ती जड असते. पहिल्या महायुद्धांत खंदकांतून अगदीं जवळून लढण्याचे प्रसंग वारंवार येऊं लागले. तेव्हां पिस्तुलाचें लहान काडतूस वापरणारी, एका माणसास हातांत धरून भराभर झाडतां येईल अशी बंदूक हवीशी झाली. इटलीनें १९१५ सालीं विलार पेरोसा नांवाची दुनळी मशीनगन प्रचारांत आणली होती. १९१८ सालीं तुलियो मारेंगोनी यांनीं तिचा एकनळी भाग घेऊन, त्यास लांकडी दस्ता बसवून खांद्यास लावण्याजोगी बंदूक तयार केली.

मारेंगोनी ज्या बेरेट्टा कारखान्यांत काम करीत, तो उत्तर इटलींतील गार्दोने या गांवीं आहे. या घराण्यानें १५२६ सालीं व्हेनिसच्या शस्त्रागारास बंदुकीच्या १८५ नळ्या पुरविल्याची नोंद आढळते. अशा जुन्या कारागिरींतून १९३८ सालचा प्रसिद्ध नमुना निघाला. त्याची लांबी सुमारें ९५ सेंटिमीटर, वजन चार किलोंहून थोडें अधिक व काडतूस ९ मिलिमीटरचें होतें.

तिची क्रिया साधी आहे. चाप ओढला म्हणजे जड पोलादी बोल्ट स्प्रिंगच्या जोरानें पुढें धांवतो, पेटींतील एक काडतूस नळींत ढकलतो आणि तें उडतें. ज्या दाबानें गोळी पुढें जाते, त्याच दाबानें रिकामें टरफल बोल्टास मागें लोटतें. न्यूटनचा तिसरा नियम आपण वर्गांत शिकतों, तोच येथें काम करतो. बोल्ट जड असल्यामुळें सावकाश हलतो, व तेवढ्यांत गोळी नळीबाहेर निघून जाते. मग टरफल बाहेर पडतें, दबलेली स्प्रिंग बोल्टास पुन्हा पुढें लोटते आणि हेंच चक्र चालू राहतें.

या बंदुकीस दोन चाप असत. पुढचा ओढल्यास एकच गोळी सुटे. मागचा ओढल्यास गोळ्यांची सर लागे. असें कां केलें, हें गणितानें कळेल. मिनिटास सुमारें ६०० गोळ्या म्हणजे सेकंदास दहा. सर्वांत मोठ्या पेटींत काडतुसें चाळीस. म्हणजे सारी पेटी चार सेकंदांत रिकामी!

युद्ध लांबलें तशी पोलादाची व वेळेची टंचाई भासूं लागली. अखंड पोलाद कोरून भाग तयार करण्यास फार वेळ लागे. आमच्या यवतच्या लोहारास विचारा: ठोकून घडविलेला विळा व पत्रा कापून वांकविलेली वस्तु यांस लागणाऱ्या श्रमांत किती अंतर असतें! तोच विचार करून १९४२ च्या नमुन्यांत नळीवरचें सच्छिद्र आवरण काढलें, नळी आंखूड केली व कांहीं भाग पत्र्याचे केले. वजन सुमारें सव्वातीन किलोंवर आलें. सप्टेंबर १९४३ मध्यें इटलीनें शरणागति पत्करल्यावर उत्तर इटली जर्मनांच्या ताब्यांत गेली. मग हीच बंदूक जर्मन सैनिकांच्या हातीं दिसूं लागली, व त्यांच्याशीं झुंजणाऱ्या इटालियन देशभक्तांच्या हातींही. यंत्रास आपला पक्ष नसतो.

आतां ता. १० जुलै १९४४ चा प्रसंग ऐका. टायबर नदीच्या खोऱ्यांत तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडींतील सर्व शिपाई मशीनगनच्या माऱ्यानें मेले अथवा जखमी झाले. रायगड जिल्ह्याच्या माणगांव तालुक्यांतील हा बावीस वर्षांचा तरुण एकटाच त्या मोर्चावर धांवून गेला. त्यानें हातबाँब टाकून मशीनगन बंद पाडली आणि आपल्या टॉमीगननें एकास टिपलें. पुढें पेटी बदलण्यास अवधि उरला नाहीं. तेव्हां त्यानें बंदूक नळीकडून धरली, उरलेल्या दोघांशीं दस्त्यानें झुंज दिली व मोर्चा जिंकला. लगेच शत्रूच्या गोळ्यांनीं त्याचा अंत झाला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

टॉमीगन काय, बेरेट्टा काय, दोहोंची पेटी कांहीं सेकंदांतच संपते. त्यानंतर जें उरतें, तें कोणत्याही कारखान्यांत घडत नाहीं. विद्यार्थ्यांनीं यंत्रविद्या अवश्य शिकावी, मारेंगोनींचें कौशल्यही वाखाणावें. परंतु घाडगे आपल्या वरच्या वर्गांतील मुलांहून पांचसहा वर्षांनींच मोठे होते, व समोर पडलेल्यांसही घरीं वाट पाहणाऱ्या आया होत्या, हें शिकतांना विसरूं नये.