काळपट पानांचे शोभेचे झुडूप : ओळख, लागवड व सावधगिरी

आमच्या निलंगा भागातील जुन्या गावठाणांत घराला घर लागून असे. सबब अंगणात तुळस, एखादी जास्वंद व फार तर लिंबोणी, याहून अधिक झाडांस जागाच उरत नसे. सन १९९३ च्या सप्टेंबरातील भूकंपानंतर जी गावे नव्या जागी वसली, तेथे घरे सुटी सुटी झाली, दाराशी मोकळी जागा आली, आणि कास्तकारांच्या घरीही शोभेच्या झाडांची हौस उत्पन्न झाली. ही हौस वाईट नव्हे. मात्र तीत एक चूक वारंवार होते, व तीच प्रस्तुत लेखकाच्या हातून झाली असल्यामुळे हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

विलायतेतील बागांची चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना जवळजवळ काळ्या पानांचे व गुलाबी फुलांच्या सपाट झुबक्यांचे एक झुडूप आठवेल. त्यास तिकडे ‘एल्डर’ म्हणतात. मूळ एल्डर हिरव्या पानांचा असून युरोपात कुंपणाकडेला आपोआप उगवतो. त्याच्या फुलांचे सरबत व शिजविलेल्या फळांचा मुरंबा करितात. काळ्या पानांच्या ज्या जाती हल्ली प्रसिद्ध आहेत, त्यांपैकी काही इंग्लंडात केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग येथील संशोधन केंद्रात तयार झाल्या. तिकडचे माळी हिवाळा सरता सरता हे झुडूप जमिनीपासून थोडे राखून छाटून टाकितात, म्हणजे नवे कोंब जोमाने येऊन पाने मोठी व गडद होतात. अर्थात फुले जुन्या काडीवर येत असल्याने त्या वर्षीची फुले गमवावी लागतात.

परंतु हे झाड थंडीत पाने टाकून विसावा घेणारे व उन्हाळ्यातही ओलसर जमीन मागणारे आहे. आमच्याकडे वैशाखात पारा चाळिसाच्या वर जातो, काळी जमीन हात जाईल इतकी भेगाळते आणि विहिरी तळ गाठतात. सन २०१६ च्या एप्रिलात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरले नसेल. अशा मुलखात सदोदित ओल मागणारे शोभेचे झाड लावणे म्हणजे गुरांच्या हौदातील पाणी फुलांस घालणे होय.

असे असता आमच्याकडे ‘काळा एल्डर’ म्हणून विकावयास येते ते काय? मी एका रोपविक्याकडून या नावाची सहा रोपे घेतली व गोठ्याच्या वाटेने ओळीत लाविली. ती उन्हाळ्यात वाळली नाहीत, उलट तांबड्यामद्यासारख्या रंगाने झळकू लागली, तेव्हा मला मोठा अभिमान वाटला. खरे तर तेथेच शंका यावयास हवी होती. दुसऱ्या वर्षी माघात सालगड्यास छाटणी सांगितली. कोयत्याचा घाव बसताच फांदीतून पांढरा चीक उडाला तो त्याच्या डोळ्यात गेला. त्याने चिकाळलेल्या हातानेच डोळा चोळला. घटकाभरात पापण्या सुजून बंद झाल्या. मग नेत्रवैद्याकडे नेले. दृष्टी वाचली, परंतु चार दिवस त्यास उजेड सहन होत नव्हता. तीस वर्षे महसुली दफ्तरात काढून, जागेवर गेल्यावाचून पंचनामा लिहू नये असे इतरांस सांगणारा मी. आणि चिठ्ठीवरचे नाव वाचून झाड दारी लाविले!

ते झाड एल्डर नव्हतेच. त्याचे शास्त्रीय नाव ‘युफोर्बिया कोटिनिफोलिया’ असून ते मेक्सिको व दक्षिण अमेरिकेच्या बाजूचे आहे. आपल्या बांधावरील शेर व निवडुंग यांच्याच कुळातले. त्याच्या मूळ देशी त्याचा चीक मासे मारण्याकरिता पाण्यात टाकीत असत, यावरून त्याच्या विषाची कल्पना यावी. शेराचा चीक डोळ्यात जाऊ नये हे आमच्या पोरासोरांसही ठाऊक आहे. पण त्याचाच भाऊबंद रंगीत अंगरखा घालून आला की आपण त्यास उंबऱ्याशी जागा देतो.

ओळख पटविणे कठीण नाही. एल्डरचे पान कडुनिंबाप्रमाणे संयुक्त, म्हणजे एका देठावर बहुधा पाच ते सात दातेरी पर्णिका असणारे असते. अशी पाने काडीवर समोरासमोर येतात आणि काडी मोडली असता आत पांढरा भुसभुशीत गाभा दिसतो, चीक निघत नाही. या दुसऱ्या झुडपाचे पान साधे, वाटोळसर, लांब देठाचे, काठास दाते नसलेले असते आणि बहुधा एका पेऱ्यावर तीन पाने फुटतात. एवढे न जमल्यास विकत घेण्यापूर्वी एक पान देठाशी खुडून, हात लांब धरून, पाहावे. दूध निघाले तर ते कोणत्या कुळाचे हे समजून घ्यावे. बोटे लागलीच धुवावीत.

झाड विषारी आहे म्हणून ते सर्वथा त्याज्य, असे माझे म्हणणे नाही. पाणी थोडे लागते व रंगाला तोड नाही. जागा मात्र विचाराने निवडावी. गोठा, कडब्याची गंज, विहीर, हौद आणि लेकरांची खेळण्याची जागा यांपासून ते दूर असावे. ऊन दिवसातून सहा तास तरी मिळावे. पानांतील तांबडे रंगद्रव्य उजेडात तयार होते; सावलीत तीच पाने हिरवट पडतात आणि मग लोक खताची कमतरता समजून युरिया घालतात, त्याने हिरवा फोफावा मात्र वाढतो. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबून मुळ्या कुजतात. याकरिता दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात मुरूम, माती व कुजलेले शेणखत मिसळून भरावे व जागा आजूबाजूहून वीतभर उंच ठेवावी. पहिला उन्हाळा आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. पुढे त्याहून कमी चालते.

नवी रोपे छाट कलमांनी होतात. पेन्सिलीएवढ्या जाड, एक वीत लांबीच्या कांड्या घेऊन कापलेले टोक पाण्यात बुडवावे म्हणजे चीक थांबतो. नंतर एक-दोन दिवस सावलीत सुकू देऊन वाळूमिश्रित मातीत लावाव्यात. ओल्या टोकाने लावल्यास त्या कुजतात, हा माझा अनुभव.

छाटणी थंडी ओसरल्यावर करावी. न छाटल्यास झुडूप दहा-पंधरा फुटांचे झाड होते व पाने शेंड्याकडेच राहतात. छाटणाऱ्याने डोळ्यांस चष्मा, हातांत रबरी मोजे व अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, आणि फांदी डोळ्यांच्या पातळीवर असता वार करू नये. छाटलेल्या काड्या चाऱ्यात मिसळू देऊ नयेत, शेकोटीत घालू नयेत, खड्ड्यात पुराव्यात. इतके करूनही चीक डोळ्यात गेलाच, तर न चोळता स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटे तरी धरावी व तडक वैद्याकडे जावे. मध, तूप किंवा बाळंतिणीचे दूध घालण्याच्या भानगडीत पडू नये.

ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी जांभळी निर्गुडी लावावी हे बरे. आपल्या ओढ्याकाठच्या निर्गुडीचीच ही बहीण. पान वरून करडे-हिरवे व खालून जांभळे, वाऱ्याने उलटले की रंग दिसतो. तीत चीक नाही, कांडीने सहज लागते, आणि कातरून कुंपण चांगले दाट होते. मद्यासारखा गडद रंग तिला नाही, हे कबूल केले पाहिजे.

माझ्या सहांपैकी चार झुडपे मी वैशाखात मुळासकट काढविली व गोठ्याच्या वाटेने निर्गुडीच्या कांड्या लाविल्या. दोन झुडपे पूर्वेच्या कोपऱ्यात, काटेरी तारेच्या आत ठेविली आहेत. त्यांची छाटणी मी स्वतःच करितो. सालगडी त्या बाजूस फिरकत नाही, आणि मीही त्यास सांगत नाही.