विभक्तिप्रत्यय आणि पदांचा अन्वय

वाक्यात कर्ता कोणता व कर्म कोणते, हे दाखविण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत : पदाचे रूप आणि पदाचे स्थान. 'रामः रावणम् अहन्' ही तीन पदे कोणत्याही क्रमाने मांडली तरी मारणारा रामच राहतो. कारण कर्तृत्व विसर्गात व कर्मत्व अनुस्वारसदृश मकारात बांधलेले आहे. लॅटिनचीही रीत अशीच. इंग्रजीत मात्र नामांचे असे प्रत्यय कालौघात झडले. तेथे 'राम किल्ड रावण' याची नामे उलट करताच रावण मारणारा ठरतो. चिनी भाषेत नामाला विभक्तिप्रत्ययच नाहीत; तेथे पदक्रम व साहाय्यक शब्द यांवर भार असतो.

मराठी मधल्या वाटेने चालते. 'रामाने रावणाला मारले' हे कसेही फिरवावे, बिघडत नाही. 'काच दगड फोडतो' येथे प्रत्यय नाही, तरी क्रियापदाचे पुल्लिंग दगडाला कर्ता ठरविते. परंतु 'वाघ बैल मारतो' यात तोही आधार नाही. पदे उलटली की बैल मारणारा वाटू लागतो!

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. प्राचीन मराठीत 'देवो' हे रूप प्रथमेचे तसेच द्वितीयेचेही असते. तेव्हा वाचकाला दुसऱ्या पदाच्या प्रत्ययाकडे पाहावे लागते, आणि तो प्रत्यय पुष्कळदा केवळ एक बिंदू असतो. 'भक्तीं देवो देखिला' असे वाक्य कल्पावे. 'भक्तें' म्हणजे एका भक्ताने, 'भक्तीं' म्हणजे भक्तांनी. लेखकाच्या हातून बिंदू सुटला की 'भक्ती' हे स्त्रीलिंगी नाम उरते व पाहणारेच नाहीसे होतात. बिंदू असला तरी 'भक्तीच्या योगे' असा अर्थही संभवतो. त्याचा निर्णय प्रकरणावरूनच करावा लागतो.

१९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. व्यवहारात ते सोयीचेच झाले. पण त्या वळणात शिकलेले आजचे विद्यार्थी पोथीतील बिंदू शोभेचा समजून ओलांडतात, आणि मग आधुनिक पदक्रमाच्या सवयीने पहिले पद ते कर्ता मानून मोकळे होतात. भीष्माचार्यांच्या 'पंचवार्तिका'ची परंपरा ज्या पंथात आहे, त्यात हे शोभत नाही. सूत्राचा अर्थ लावताना आधी क्रियापद शोधावे, त्याचे लिंग-वचन कोणत्या पदाशी जुळते ते पाहावे, मग प्रत्यय व बिंदू तपासावेत. पदक्रमाचा विचार त्यानंतर. पाठांतर करविणाऱ्यांनीही जुन्या रूपांचा अर्थ मुखोद्गत करून घ्यावा; कारण बहुतेक अनुस्वार आता कानाला ऐकू येत नाहीत.