प्रथम रक्तदात्याचे सूचीभय : संहितोक्त विचार व व्यवहार

रक्तदानास पात्र असूनही ज्याने कधी रक्तदान केलेले नाही, अशा व्यक्तीस कारण विचारल्यास ‘वेळ मिळत नाही’ हे पहिले उत्तर येते. जरा खोलात गेल्यास ‘सुईची भीती वाटते’ हे दुसरे, आणि बहुधा खरे, उत्तर बाहेर पडते. हे उत्तर शिबिरातील अनोळखी डॉक्टरांना कोणी देत नाही. ते कुटुंबाच्या वैद्यास किंवा नेहमीच्या औषधविक्रेत्यास दिले जाते. म्हणून या भयाचा विचार आपल्या व्यवसायाबाहेरचा म्हणून सोडून देता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून रक्त घेणे बंद झाले. तेव्हापासून सारा भार स्वेच्छेने देणाऱ्यांवर व रुग्णाच्या नातेवाइकांवर आहे. साठवणीची मुदत अल्प असते. नेहमीच्या सीपीडीए द्रावणातील रक्त 35 दिवसच टिकते. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद झाली की शिबिरे घटतात. थॅलेसेमियाच्या बालकास मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. त्याला सुट्टी नसते.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. रक्तदान म्हणजे रक्तमोक्षण नव्हे. ‘अंगावर फोड येतात, रक्त बिघडले आहे, तर एकदा रक्तदान करून टाकतो’ असे म्हणणारे रुग्ण आपणा सर्वांस भेटतात. रक्तमोक्षणात दुष्ट रक्त बाहेर काढावयाचे असते. रक्तदानात दिलेले रक्त दुसऱ्याच्या देहात जाते. तेव्हा रक्तदुष्टीच्या रुग्णास चिकित्सा म्हणून शिबिराची वाट दाखविणे आम्हांस सर्वथा अनुचित वाटते. मात्र शीर विद्ध होताना भयभीत मनुष्याचे काय होते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि त्याविषयी आपले ग्रंथकार बरेच काही सांगून गेले आहेत.

संहितेतील भीरु

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सिराव्यधास अयोग्य व्यक्तींची यादी आहे. बाल, वृद्ध, क्षीण, गर्भिणी, उपवासी, तृषार्त यांच्याच पंक्तीत ‘भीरु’ हा शब्द येतो. त्याच अध्यायात, शीर विद्ध करूनही रक्त का वाहत नाही याची कारणे देताना अतिभीत, श्रांत, तृषित व मूर्च्छित यांचा उल्लेख आहे. व्यधापूर्वी रुग्णास द्रवप्राय अन्न अथवा यवागू द्यावी, असाही निर्देश आहे. रक्तकेंद्रातील परिचारिका आज ‘रात्री झोप झाली का, नाश्ता केला का, पाणी प्यायलात का’ असे विचारते, तेव्हा ती नकळत हीच यादी वाचत असते. अष्टांगहृदयाने सोळा वर्षांखालील व सत्तर वर्षांवरील व्यक्तीस सिराव्यध वर्ज्य सांगितला. आजचा रक्तदानाचा नियम 18 ते 65 वर्षे असा आहे, व प्रथमच देणाऱ्यास 60 वर्षांची मर्यादा आहे.

चरकाचार्यांचे वर्णन तर याहून नेमके आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सत्त्वपरीक्षा सांगताना ते म्हणतात की, अवरसत्त्व मनुष्य शरीराने धिप्पाड असला तरी अल्प वेदनाही सोसू शकत नाही, आणि मांस वा रक्त दृष्टीस पडताच त्यास विवर्णता, भ्रम, मूर्च्छा, पतन यांपैकी काहीतरी होते. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात मूर्च्छेच्या प्रकारांत शोणितज मूर्च्छा वेगळी गणली आहे.

येथे आमचे एक मत नोंदवितो. शिबिरात घेरी येऊन पडलेल्या तरुणास ‘अवरसत्त्व’ ठरवून मोकळे होणे योग्य नाही. रणांगणात न डगमगणारा मनुष्यही रक्त पाहून पडू शकतो. आधुनिक शास्त्राने या भयास इतर भयांपासून निराळे काढले आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 1994 च्या वर्गीकरणात रक्त, सुई व जखम यांचे भय हा स्वतंत्र प्रकार आहे. साप किंवा उंची यांच्या भयात नाडी व रक्तदाब वाढतात आणि वाढलेलेच राहतात; म्हणून त्या भयाने सहसा कोणी बेशुद्ध पडत नाही. सूचीभयात मात्र अनेकांमध्ये ते प्रथम वाढून नंतर एकदम कोसळतात. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर घटतो, ओठ पांढरे पडतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा मनाचा दुबळेपणा नसून शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. हे एवढे रुग्णास नीट समजावून दिले तरी त्याची निम्मी लाज जाते, आणि लाज गेली की तो बोलू लागतो.

शिथिल करावे की ताणावे?

याच ठिकाणी आपल्या नेहमीच्या सल्ल्याचा पुनर्विचार करावा लागतो. घाबरलेल्या माणसास आपण सांगतो, ‘अंग सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या.’ ज्यास केवळ धडधड होते, त्यास हे उपयोगी आहे. परंतु ज्यास पूर्वी सुई, लस वा रक्त पाहून घेरी आलेली आहे, त्याचा रक्तदाब आधीच कोसळणार असतो. त्यास शवासन सांगणे म्हणजे उतारावरच्या गाडीस ढकलणे होय. भराभर खोल श्वास घेतल्याने तर घेरी वाढते. अशा व्यक्तीस स्नायू ताणण्याचा अभ्यास द्यावा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत मांडली. पाय, पोट व दंड यांचे स्नायू 10 ते 15 सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, घट्ट आवळावेत. मग 20 ते 30 सेकंद नेहमीच्या स्थितीत यावे, पूर्ण सैल पडू नये. असे पाच वेळा. आठवडाभर रोज सराव करावा. रक्तदानाच्या वेळी सुई असलेला हात तेवढा स्थिर व मोकळा ठेवावा, बाकी शरीर आवळावे. रक्तदात्यांवरील अभ्यासांतही या उपायाने घेरीच्या तक्रारी कमी झालेल्या आढळल्या आहेत.

आमच्याकडे आलेला 24 वर्षांचा, व्यायामशाळेत जाणारा, 80 किलो वजनाचा युवक शाळेतील लसीकरणात पडल्यापासून सुईस टाळत होता. चरकोक्त ‘महाशरीर’ शब्दाचे हे मूर्तिमंत उदाहरण! त्यास तीन आठवडे दिले. प्रथम वेष्टनातील सुई हातात घेणे, नंतर बोटातून थेंबभर रक्त देऊन हिमोग्लोबिन पाहणे, नंतर मित्राच्या रक्तदानाच्या वेळी शेजारी बसणे, आणि जोडीला रोजचा स्नायूंचा सराव. चरकांनी मध्यमसत्त्व व्यक्ती दुसऱ्याच्या उदाहरणाने व आधाराने सावरते असे म्हटले आहे. मित्राचा उपयोग झाला तो असा. चौथ्या आठवड्यात त्याने 350 मिली रक्त दिले. मध्येच घाम आला, त्याने मांड्या आवळल्या, आणि पिशवी भरेपर्यंत तो शुद्धीवर होता. भीती गेली का, असे विचारता ‘नाही, पण आता तिचे काय करायचे ते कळते’ असे त्याचे उत्तर आले.

व्यवहारातील काही गोष्टी थोडक्यात. वजन किमान 45 किलो व हिमोग्लोबिन 12.5 ग्रॅम असावे. पुरुषास 90 दिवसांनी व स्त्रीस 120 दिवसांनी पुन्हा देता येते. उपाशीपोटी जाऊ नये. सुमारे अर्धा लिटर पाणी आधीच्या अर्ध्या तासात प्यावे. आपण प्रथमच देत आहोत व घेरी येते, हे तेथील डॉक्टरांस आधी सांगावे, म्हणजे आडवे झोपवून रक्त घेतले जाते. चालू असलेली सर्व औषधे, आपली आयुर्वेदीय औषधे धरून, सांगावीत. नंतरचा आहार वाग्भटोक्त असावा, म्हणजे फार उष्ण वा शीत नसलेला, लघु व दीपनीय. आम्ही मुगाची खिचडी व डाळिंब सांगतो. प्रत्यक्ष रक्त घेण्यास बहुधा 5 ते 10 मिनिटेच लागतात, हेही आधी सांगावे. घाबरलेल्याच्या कल्पनेत तो तास असतो. आणि एवढे करूनही कोणी ‘नको’ म्हटले तर आग्रह करू नये. संहितेनेही भीरूस वगळलेच आहे.

औषधविक्रेत्या बांधवांसाठी एक सूचना. काहींना घेरी उशिरा, केंद्रातून बाहेर पडल्यावर उन्हात किंवा जिना चढताना येते, आणि असा मनुष्य जवळच्या औषध-दुकानात शिरतो. त्यास स्टुलावर बसवू नये. जमिनीवर आडवे करून पाय खोक्यावर उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, वारा घालावा, तोंडावर गार पाण्याचा हबका मारावा. पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय तोंडाने काही देऊ नये. मग लिंबू-सरबत द्यावे. टोचलेल्या जागेतून रक्त येत असल्यास हात वर धरून पाच मिनिटे दाबावे. जागा काळी-निळी झाली तर पहिल्या दिवशी थंड शेक पुरेसा होतो. पण हातात मुंग्या किंवा सणक राहिली, सूज वाढू लागली, अथवा घेरी पुन्हा येऊ लागली, तर मलम न देता त्यास रक्तकेंद्राकडे परत पाठवावे.