सीतेचा अशोक

रावणाने सीतेला ज्या वनात ठेविले, त्या अशोकवनाचे नाव महाराष्ट्रात लहानथोरांस ठाऊक आहे. परंतु अशोकाचे झाड दाखवावयास सांगितले, तर बहुतेकांचे बोट कुंपणाशी उभ्या असलेल्या एका उंच, सरळ झाडाकडे वळते. त्याची लांबट पाने खाली लोंबतात व त्यांच्या कडा नागमोडी असतात. ते झाड खरा अशोक नव्हे. ते सीताफळाच्या कुळातील असून त्याची हिरवट फुले पानांत लपून जातात. खरा अशोक, म्हणजेच सीतेचा अशोक, चिंचेच्या कुळातील आहे. त्याचे नाव दुसऱ्याला मिळाले आणि तो स्वतः मात्र विस्मरणात गेला.

सह्याद्रीच्या सदाहरित वनांत, ओढ्याकाठच्या दमट सावलीत हा वृक्ष आढळतो. तो सामान्यतः सहा ते नऊ मीटर उंच वाढतो. त्याची कोवळी पालवी तांबूस व इतकी मऊ असते, की तिचे झुबके कोमेजल्यासारखे खाली लोंबतात. काही दिवसांनी तीच पाने ताठ व गर्द हिरवी होतात. वसंत ऋतूत जुन्या फांद्यांवरसुद्धा सुगंधी फुलांचे गुच्छ येतात. ही फुले आरंभी पिवळसर केशरी असतात व पुढे तांबडी होतात. या फुलाला पाकळ्या नसतात. जो रंग दिसतो तो निदलपुंजाचा. त्यातून लांब पुंकेसर बाहेर डोकावतात.

सुंदर स्त्रीच्या पदस्पर्शाने अशोक फुलतो, असा प्राचीन कवींचा संकेत आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात मालविका न फुललेल्या अशोकाला पायाने स्पर्श करते. बागेतील अशोकाला मात्र सावली, ओलावा आणि माळ्याची चिकाटी लागते.

अशोकाच्या चपट्या शेंगांतील बी फार काळ टिकत नाही. म्हणून ते ताजे असतानाच रुजवावे. रात्रभर पाण्यात भिजवून ते माती, वाळू व कुजलेल्या शेणखताच्या मिश्रणात पेरावे. रोप प्रथम सावलीत वाढवावे आणि चांगले सशक्त झाल्यावर पावसाळ्याच्या आरंभी जमिनीत लावावे. खड्डा लांबी, रुंदी व खोली या तिन्ही बाजूंनी सुमारे साठ सेंटिमीटर असावा. जागा अशी निवडावी, की सकाळचे ऊन मिळेल, पण दुपारचे ऊन एखादी भिंत किंवा मोठे झाड अडवील. कोकणच्या दमट हवेत रोप सहज तग धरते. देशावर मात्र कोरड्या वाऱ्याने त्याच्या पानांच्या कडा करपतात. म्हणून तेथे पहिले काही उन्हाळे रोपावर आडोसा करावा, आळ्यात पालापाचोळा पसरावा व नियमित पाणी घालावे. मात्र मुळांशी पाणी तुंबू देऊ नये.

एवढ्या खटपटीचे कारण काय? अशोकाची साल आयुर्वेदात औषधी मानली जाते. अशोकारिष्टात ती वापरतात. सालीच्या लोभाने रानातील झाडे निर्दयपणे सोलली गेली. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे जाते. खोडाभोवतीची साल पूर्ण काढली की मुळांची उपासमार होते व झाड मरते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ साली या वृक्षाची नोंद धोक्यात आलेल्या जातींत केली. खरी साल दुर्मीळ झाल्यामुळे बाजारात तिच्यात इतर झाडांच्या साली मिसळल्या जातात. त्यांत त्या कुंपणाजवळच्या झाडाची सालही असते.

अशोक सावकाश वाढतो. फुलांसाठी अनेक वर्षे वाट पाहावी लागते. परंतु एकदा तो फुलू लागला, की शेंगाही धरतात आणि त्या बियांपासून नवी रोपे करता येतात. शाळेच्या आवारात असा एक वृक्ष वाढला, तर अनेक गावांना पुरतील इतकी रोपे त्यापासून मिळू शकतील. आणि अशोक म्हटल्यावर मुलांचे बोट योग्य झाडाकडे वळेल.

स्वाध्याय
१. खरा अशोक व कुंपणाजवळचे झाड यांतील फरक सांगा.
२. खोडाभोवतीची साल पूर्ण काढल्यास झाड का मरते?
३. तुमच्या परिसरात खरा अशोक आहे का, याचा शोध घ्या व त्याचे वर्णन लिहा.