कार्बोरेटरखालचा ब्लॉक

सोलापूर

चि. भाच्यास,

जुनी पद्मिनी घेतलीस, आनंद वाटला. ती बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचेच. पण भर उन्हात बंद केलेली गाडी लवकर चालू होत नाही, म्हणून तू कार्बोरेटरखाली ॲल्युमिनियमचा जाडजूड ब्लॉक बसवायला निघालास. तिथं जरा थांब.

त्या ब्लॉकचं खरं काम मॅनिफोल्डची धग वर पोचू न देणं. पेट्रोलमधले हलके अंश ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे हवाच तेवढी तापते. इंजिन बंद केलं की पंखाही थांबतो, धग वर चढते आणि फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून खाली उतरतं. मग सेल्फ कितीही मार. ॲल्युमिनियम धग अडवत नाही, उलट पोचवतं. ब्लॉक बेकेलाइटचाच घे.

जाडी मूळ ब्लॉकइतकीच ठेव. जास्त झाली तर स्टड अपुरे पडतात, ॲक्सिलरेटरची कांडी ओढली जाते, एअर फिल्टर बॉनेटला लागतो. भोकही कार्बोरेटरच्या भोकाशी तंतोतंत जुळू दे.

पॅकिंग ब्लॉकच्या वर एक, खाली एक. गळती थांबत नाही म्हणून एकावर एक चढवू नकोस. पेट्रोलला टिकणारा गॅस्केट पेपर घे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं कॉर्क आणि रबर त्यात खराब होतं. साधं सिलिकॉन तर लावूच नकोस. पेट्रोलनं सुटून त्याचा कण जेटमध्ये अडकतो.

नवं पॅकिंग टाकूनही इंजिन हवा घेत असेल, स्लो लागत नसेल, तर कार्बोरेटरची फ्लँज तपास. नट करकचून आवळले की तिचे कान वाकतात. इंजिन गार असताना, बॅटरीची वायर काढून कार्बोरेटर खोल. पेट्रोल पुसून घे, फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी टेकव आणि मागून टॉर्च धर. पट्टीखालून उजेड दिसला, तर फ्लँज आधी सपाट करून घ्यावी लागेल. बसवताना दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळ.

उजेड दिसतो की नाही, ते कळव. ब्लॉकची खरेदी त्यानंतरच.

तुझा,
मामा