सुमेधाची निवड
‘व्याकरण’ म्हणजे भाषेचे नियम, हा अर्थ सर्वांना परिचित आहे. बौद्ध परंपरेत मात्र भावी बुद्धत्वाच्या भविष्यकथनालाही ‘व्याकरण’ म्हणतात.

पाली कथेनुसार, दीपंकर बुद्धांचे पाय चिखलाने मळू नयेत म्हणून सुमेध नावाचा तापस जटा मोकळ्या करून वाटेवर आडवा झाला. स्वतःपुरती मुक्ती त्याला त्याच क्षणी साध्य होती. परंतु इतरांनाही तारावे या इच्छेने त्याने ती दूर सारली. ही निवडच कथेचा गाभा होय. तेव्हा दीपंकरांनी, तो पुढे गौतम बुद्ध होईल, असे सांगितले. त्यानंतरच्या जन्मांच्या ५४७ कथा पाली जातकसंग्रहात आहेत.

मुंबईतील कान्हेरीच्या ६७ क्रमांकाच्या लेण्यात हा प्रसंग कोरलेला आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात प्रवेशद्वारावर सात बुद्धांच्या ओळीतच भावी बुद्ध मैत्रेय रंगवलेले आहेत.